चार, बारा, सोळा की चोवीस? कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफवरून एवढं भांडण का चाललंय

माझे बाबा सांगलीहून दर रविवारी सकाळी चहा झाला की फोन करतात. तेव्हा इकडे अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला शनिवारची रात्र असते, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर शनिवार म्हणजे कॉलेज फुटबॉल, त्यामुळे आमच्या युनिव्हर्सिटीची टीम ओहायो स्टेट जिंकली की हरली हे त्यांना माझ्या नुसत्या "हॅलो"वरून कळतं. ३० नोव्हेंबर २०२४ ला त्यांनी विचारलं, "काय रे, बरं नाहीये का?" म्हटलं, "बाबा, मिशिगनकडून हरलो, घरच्या ग्राउंडवर, १३-१०." "अरेरे, म्हणजे यंदाचं संपलं?" म्हटलं, "नाही नाही, प्लेऑफला बहुतेक जाऊच." जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "हरूनही पुढं जाणार आहात, तर मग रडतोस कशाला?"

बाबांनी सहज विचारलं, पण प्लेऑफला किती टीम्स घ्यायच्या यावरून इथले लाखो फॅन्स सध्या एकमेकांशी जे भांडतायत ते सगळं फिरून याच प्रश्नावर येतं. म्हणून नीट, पहिल्यापासून सांगतो.

आधी हे की हा फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नाही, हेल्मेट घालून हातात बॉल घेऊन पळायचा तो. त्याची प्रोफेशनल लीग म्हणजे एनएफएल, आणि त्याच्या खाली युनिव्हर्सिट्यांच्या टीम्स. पण "खाली" म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर इंटर-कॉलेज स्पर्धा येतात, चार मित्र टाळ्या वाजवायला आणि एक सर शिट्टी घेऊन, तसं इथे अजिबात नाही. मिशिगनच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजार माणसं बसतात, आमच्या ओहायो स्टेडियममध्ये १ लाख २ हजारांच्या वर. वानखेडेची कपॅसिटी साधारण ३३ हजार आहे, म्हणजे तीन वानखेडे एकत्र करा आणि दर शनिवारी भरा.

आता मूळ अडचण. आयपीएलमध्ये १० टीम्स, प्रत्येकीच्या १४ मॅच, एक टेबल, वरचे चार प्लेऑफला, पॉइंट सारखे झाले तर नेट रन रेट. वाद घालायला जागाच नाही. कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये टीम्स आहेत १३० च्या वर आणि प्रत्येक टीम लीगला खेळते फक्त १२ मॅच, कारण खेळ इतका अंगावरचा आहे की आठवड्याला एकापेक्षा जास्त मॅच शरीराला झेपतच नाही. म्हणजे बहुतेक टीम्स एकमेकींच्या समोर कधी येतच नाहीत. त्यात त्या वेगवेगळ्या गटांत वाटलेल्या, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. चार मोठे: एसईसी (दक्षिणेकडचे, अलाबामा, जॉर्जिया, टेक्सास वगैरे), बिग टेन (आम्ही, नाव टेन पण आता टीम्स १८), एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह. बाकीचे छोटे, आपल्या रणजीत एलिट आणि प्लेट असतं ना, साधारण तसा फरक समजा. शिवाय नोटर डेम ही एक मोठी टीम कुठल्याच गटात नाही, तिचं सगळं स्वतंत्र.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग टेबल कोण करतं?" कोणीच नाही. करताच येत नाही. एका टीमने सोप्या गटात १२ पैकी १२ जिंकल्या आणि दुसरीने खतरनाक गटात १२ पैकी १० जिंकल्या, तर भारी कोण, हे आकड्यावरून ठरत नाही, कोणालातरी बसून ठरवावं लागतं. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचा सगळा इतिहास आपोआप कळतो.

सुरुवातीला ठरवायचे पत्रकार. १९३६ पासून एपी या वृत्तसंस्थेची पोल आहे, पुढे कोचेसची वेगळी पोल आली, आणि सीझन संपला की मतं मोजून नॅशनल चॅम्पियन. फायनलच नाही! १९९७ ला पत्रकारांनी मिशिगनला चॅम्पियन केलं आणि कोचेसनी नेब्रास्काला, दोघं अजिंक्य, दोघांकडे ट्रॉफी, आणि दोघं एकमेकांशी कधी खेळलेच नाहीत. मग १९९८ पासून बीसीएस नावाची सिस्टीम आली, पोल आणि कॉम्प्युटरचं गणित मिळून फक्त दोन टीम्स निवडायच्या आणि त्यांची फायनल लावायची. बरं वाटलं लोकांना, पण २००४ ला ऑबर्न एकही मॅच न हरता बाहेर राहिली कारण अजून दोन मोठ्या टीम्स पण हरल्या नव्हत्या आणि जागा दोनच होत्या. त्या पोरांनी अजून काय करायला पाहिजे होतं? जेवढ्या मॅच समोर आल्या तेवढ्या सगळ्या जिंकल्या.

तर २०१४ च्या सीझनपासून चार टीम्सचा प्लेऑफ आला, कॉम्प्युटर बाजूला ठेवून १३ जणांची कमिटी बसवली, त्यात वेगवेगळ्या युनिव्हर्सिटींचे स्पोर्ट्स डायरेक्टर, जुने कोच, जुने प्लेअर असे लोक असतात, टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन गावात एका हॉटेलात बसतात आणि डिसेंबरच्या एका रविवारी यादी जाहीर करतात. त्या रविवारी इकडे जे वातावरण असतं ते मी फक्त आपल्याकडच्या बोर्डाच्या रिझल्टच्या दिवसाशी जोडू शकतो, म्हणजे पेपर लिहून झालेत, आता हातात काही नाही, नुसतं वाट बघायची.

आणि इथे २०२३ ची फ्लोरिडा स्टेट येते, जी मला आजही टोचते, आणि मी काही त्यांचा फॅन नाही. १३ पैकी १३ जिंकल्या, एसीसीचे चॅम्पियन. पण नोव्हेंबरमध्ये त्यांच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे बॉल फेकणारा आणि टीमची सगळी चाल चालवणारा जो मुख्य प्लेअर असतो त्याचा, जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. कमिटीने म्हटलं की क्वार्टरबॅक नसताना ही तीच टीम राहिली नाही, आणि एक मॅच हरलेली अलाबामा चौथी म्हणून घेतली. मोठ्या कॉन्फरन्सची अजिंक्य चॅम्पियन टीम चारमध्ये नाही, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. म्हणजे मॅच जिंकून उपयोग नाही, तेरा माणसांना तुम्ही पुढे कसे खेळाल असं वाटतं त्यावर ठरणार. गंमत नाही सांगत, आमच्याच ओहायो स्टेटने पहिल्या प्लेऑफच्या वर्षी, २०१४ च्या सीझनला, दोन क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर तिसऱ्या नंबरच्या कार्डेल जोन्सला उतरवून विस्कॉन्सिनला ५९-० हरवलं होतं आणि तिथून थेट ट्रॉफी जिंकली होती. त्यामुळे "क्वार्टरबॅक गेला म्हणजे टीम गेली" हे मी तरी कोणाकडून ऐकून घेणार नाही. नंतर फ्लोरिडा स्टेट ऑरेंज बोलमध्ये (सीझन संपल्यावरच्या खास मॅचना बोल म्हणतात) जॉर्जियाकडून ६३-३ अशी हरली आणि लोक तो स्कोअर दाखवून म्हणतात बघा कमिटी बरोबर होती, पण त्या मॅचला त्यांचे कितीतरी मुख्य प्लेअर उतरलेच नव्हते, मन मोडलेल्या टीमचा स्कोअर पुरावा म्हणून कसा धरायचा.

२०२४ पासून बारा झाले, ते आधीच ठरलेलं होतं, एक वर्ष अगोदर असतं तर हा अन्याय झालाच नसता. २०२४ आणि २०२५ ला बाराचा हिशोब असा होता: कॉन्फरन्स चॅम्पियन्सपैकी सगळ्यात वरच्या रँकचे पाच जण आत, म्हणजे छोट्या गटाचा एक तरी येतोच, आणि उरलेल्या सात जागा कमिटी रँकप्रमाणे भरते, त्यांना ॲट-लार्ज म्हणतात. वरच्या चौघांना (२०२४ ला वरच्या चार चॅम्पियन्सना, २०२५ पासून सरळ रँकप्रमाणे) पहिली राउंड खेळावी लागत नाही, तो "बाय". पाच ते आठ नंबरवाल्यांना पहिली मॅच स्वतःच्या कॅम्पसवर मिळते.

ही कॅम्पसवरची मॅच मला बारा टीम्सच्या प्लेऑफमधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते आणि मी ती स्टेडियममध्ये बसून बघितलीय. २१ डिसेंबर २०२४, रात्री आठ, ओहायो स्टेट विरुद्ध टेनेसी. तापमान शून्याच्या खाली, ॲल्युमिनियमचे बाक बर्फासारखे, आम्ही मोज्यांत हॅन्ड वॉर्मरच्या पुड्या घालून बसलेलो आणि बुडाखाली घरून आणलेली जुनी चादर, कारण नुसतं बसवतच नव्हतं. मिशिगनकडून हरून तीन आठवडे झाले होते, गावात कोणी मोकळं हसत नव्हतं, त्यात टेनेसीचे लोक एवढे आले होते की लाल स्टेडियममध्ये नारिंगी पट्टेच्या पट्टे दिसत होते. माझ्या शेजारी सत्तरीचे एक काका होते, मॅच सुरू होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पहिल्या क्वार्टरलाच २१-० झालं. तिसऱ्या टचडाउनला काकांनी माझा हात धरून असा दाबला की हातमोज्यातून कळ आली, आणि मग सोडलाच नाही बराच वेळ. ४२-१७ जिंकलो. नंतर ओरेगन, टेक्सास, आणि २० जानेवारीला अटलांटात नोटर डेमला ३४-२३ हरवून चॅम्पियन. आठव्या नंबरची टीम चॅम्पियन! चारच टीम्स असत्या तर आम्ही त्या थंडीच्या रात्री घरीच असतो.

म्हणजे मला तर प्लेऑफ वाढल्याचा सरळ फायदा झालाय. तरी बाबांच्या प्रश्नाला उत्तर देताना माझी अडचण होतेच.

वाढवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट सांगतो, कारण ते खरंच मजबूत आहे. माझी पुण्याची एक मैत्रीण टेम्पीला अरिझोना स्टेटमध्ये शिकली. २०२४ चा सीझन सुरू व्हायच्या आधीच्या अंदाजात त्यांना बिग ट्वेल्व्हमध्ये शेवटचा, सोळावा नंबर दिला होता. ते चॅम्पियन झाले. कमिटीच्या यादीत बारावे होते, म्हणजे जुन्या चारच्या हिशोबात नावसुद्धा निघालं नसतं. १ जानेवारीला टेक्सासविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये २४-८ मागे, तिथून २४-२४, ओव्हरटाइममध्ये चक्क पुढे, टेक्सासला शेवटचा चान्स, चौथा डाउन, म्हणजे चारातला शेवटचा प्रयत्न, आणि १३ यार्ड पाहिजेत, म्हणजे जवळपास संपलंच, आणि टेक्सासने त्याच बॉलवर टचडाउन टाकला. दुसऱ्या ओव्हरटाइमला ३९-३१ हरले. ती फोनवर रडत होती आणि तेवढ्यात मला म्हणाली, "तुमची टीम दरवर्षी कुठल्या ना कुठल्या यादीत असतेच रे, आम्हाला हा दिवस आयुष्यात एकदा मिळाला, तो तू आकड्यात मोजू नकोस." मी गप्प बसलो, कारण बरोबर होतं तिचं.

इंडियानाचं पण तसंच. मोठ्या कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सगळ्यात जास्त मॅच हरलेल्या टीम्समध्ये त्यांचं नाव असायचं. २०२४ ला बारामुळे त्यांना पहिल्यांदा प्लेऑफ मिळाला, पहिल्याच राउंडला हरले, लोक म्हणाले यांना घ्यायलाच नको होतं. पुढच्या वर्षी तेच इंडियाना १६ पैकी १६ जिंकून, फायनलला मायामीला २७-२१ हरवून चॅम्पियन. त्यामुळे "ही टीम इथली नाही" असं कोणाबद्दल म्हणताना मी आता दोनदा विचार करतो.

मग बारावर थांबायचं ना? नाही थांबत, कारण भांडणाची जागा फक्त खाली सरकली. पूर्वी चौथा-पाचवा भांडायचे, आता दहावा-अकरावा. २०२४ ला तीन मॅच हरलेल्या अलाबामाला सोडून एसएमयूला घेतलं तर एसईसीवाले पेटले, की आमचा गट कठीण आहे, आमच्या तीन हारी म्हणजे दुसऱ्यांच्या एकीएवढ्या. २०२५ ला नोटर डेम १०-२ असूनही बाहेर, आणि त्यांच्या जागी आत गेली मायामी, जी बरेच आठवडे यादीत त्यांच्या खाली होती आणि शेवटच्या रविवारी एकदम वर आली. मायामीने सीझनच्या पहिल्याच मॅचला नोटर डेमला हरवलं होतं, २७-२४, त्यामुळे निर्णय मला तरी पटला, पण मग तो निकाल ऑगस्टपासून सगळ्यांच्या समोरच होता, मधले आठवडे उलटं का दाखवलंत? नोटर डेमने चिडून दुसरी कुठली बोल गेमच खेळायला नकार दिला. त्याच वर्षी छोट्या गटांतल्या टुलेन आणि जेम्स मॅडिसन दोघी आत होत्या आणि दोघी पहिल्याच राउंडला मोठ्या फरकाने हरल्या, तर लगेच "यांच्या जागा काढून घ्या" सुरू झालं.

आता पुढचे प्रस्ताव. एसईसीचा कल सोळाकडे: पाच चॅम्पियन्स आणि अकरा ॲट-लार्ज. बिग टेनने आधी वेगळंच मांडलं होतं, सोळाच पण राखीव जागांसह, चार बिग टेनला, चार एसईसीला, दोन-दोन एसीसी आणि बिग ट्वेल्व्हला, एक छोट्या गटांना, उरलेल्या तीन खुल्या. नंतर त्यांचा जोर चोवीसवर आला. या दोघांचं एकमत होत नाही म्हणून २०२६ ला पण बाराच राहिलेत. आणि या दोघांचंच एकमत का लागतं? कारण नवीन करारात पुढचं स्वरूप ठरवायची मुख्य ताकद यांच्याकडे गेलीय. ईएसपीएन २०२६ पासून सहा वर्षांसाठी वर्षाला साधारण १३० कोटी डॉलर देणार आहे आणि त्यातला जवळपास २९-२९ टक्के वाटा बिग टेन आणि एसईसीचा. म्हणजे दोन भावांनी वाटणीचा कागद लिहिलाय आणि बाकीचे भाऊ सही करायला बोलावलेत.

राखीव जागांचा प्रस्ताव मला साफ नापसंत आहे आणि तो माझ्याच गटाने आणलाय तरी नापसंत आहे. आधीपासून चार जागा आपल्या ठरलेल्या असतील तर खेळायचं कशासाठी? त्यांचा मुद्दा असा की कमिटीच्या मनमानीपेक्षा मैदानावर ठरू दे, गटात पहिल्या चारमध्ये या आणि आत जा. ऐकायला ठीक, पण बिग टेनला चार आणि बिग ट्वेल्व्हला दोन हे कुठल्या मैदानावर ठरलं? ते टेबलावरच ठरलं.

चोवीसवाल्यांचं म्हणणं की एक पायरी खालच्या एफसीएस डिव्हिजनमध्ये चोवीस टीम्सचा प्लेऑफ कधीपासून चालू आहे, बास्केटबॉलला तर साठच्या वर टीम्स असतात, कोणी तक्रार करत नाही. शिवाय नोव्हेंबरमध्ये जास्त टीम्सना आशा राहील, जास्त स्टेडियम भरतील. खरंय. पण बास्केटबॉलला सीझनमध्ये तीसेक मॅच असतात, एखादी हरली तर हरली. फुटबॉलला बाराच. बारापैकी एकेका शनिवारला जी किंमत आहे ती याच कारणाने आहे की हरलं तर परत मिळत नाही. चोवीस घेतले तर बारात चार हरलेल्या टीम्स आत येतील. मग ओहायो स्टेट-मिशिगन म्हणजे फक्त कोणाला घरी मॅच मिळणार यासाठीची मॅच होणार. २००६ ला या दोघी एक आणि दोन नंबरवर होत्या, दोघी अजिंक्य, आणि आम्ही ४२-३९ जिंकलो, ती मॅच लोक आजही मिनिटामिनिटाने सांगतात, कारण त्या दिवशी हरणाऱ्याचं सगळंच जाणार होतं. आणि गेलंही. मिशिगनला फायनल मिळाली नाही.

अजून एक बाजू आहे जी वादात मागे पडते, ती म्हणजे कॅलेंडर आणि पोरांचे गुडघे. फायनलपर्यंत गेलेली टीम आत्ताच १६ मॅच खेळते, त्यातले बरेचसे प्लेअर १९-२० वर्षांचे. पैसे आता मिळतात, २०२५ पासून युनिव्हर्सिटी थेट देऊ शकते, पण लिगामेंट तुटलं की तुटलं. डिसेंबरच्या मध्यापासून एनएफएल पण शनिवारी मॅच लावते, म्हणून कॉलेजला जागा नाही. आणि कोच? २०२५ ला ओले मिस प्लेऑफला जाणार हे दिसत असताना त्यांचा कोच लेन किफिन एलएसयू या दुसऱ्या टीमकडे निघून गेला, कारण नवीन भरतीचा हंगाम त्याच आठवड्यांत येतो. पोरं नवीन कोचबरोबर सेमी फायनलपर्यंत गेली, जॉर्जियाला हरवून. आधी हे कॅलेंडर दुरुस्त करा, मग टीम्स वाढवा, असं मला कळकळीने वाटतं.

बायचा पण एक प्रश्न निघालाय. दोन वर्षांत आठ टीम्सना बाय मिळाला, त्यातल्या सात पहिल्याच मॅचला हरल्या, फक्त इंडियाना जिंकली. तीन-साडेतीन आठवडे न खेळता बसल्यावर लय जाते हे क्रिकेटवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे सोळा करून बाय काढून टाका आणि आठ मॅच कॅम्पसवर द्या, इथपर्यंत मी यायला तयार आहे. राखीव जागा नकोत, छोट्या गटाची एक जागा कायम हवी, आणि सोळाच्या वर नको.

जानेवारीत चॅम्पियन झालो त्या रात्री बाबा सकाळी लवकर उठून फोनजवळ बसले होते. "अभिनंदन रे! आता तरी खूश?" खूप खूश होतो, आवाज बसला होता ओरडून. आणि तरी पुढच्याच वाक्याला माझ्या तोंडून निघालं, "हो बाबा, पण मिशिगनकडून हरलोच ना." ते हसले, म्हणाले, "आता कळलं मला कशाला रडत होतास ते."